सोनोग्राफीच्या यंत्रातील विजेची खरखर



आमच्या व्याख्यानाचा अर्धा भाग आत्ताच, आम्ही उभे राहण्यापूर्वी, या मांडवात होऊन गेला. प्रास्ताविक चालू असताना कर्ण्यातून घूंऽऽ असा एकसारखा आवाज येत होता, हे आपण सर्वांनी ऐकले. माईकवाल्या मुलाने आधी तार हलवून पाहिली. मग माईकची पिन काढून परत बसवली. तरी आवाज जाईना, तेव्हा पलीकडच्या खोलीतून ओढून आणलेला दुसरा बोर्ड त्याने काढून टाकला आणि सारी उपकरणे एकाच बोर्डावर जोडली. आवाज थांबला. त्याने कर्ण्याला शिव्या दिल्या नाहीत, नवा माईक मागवला नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. आज आम्हांला जे सांगायचे आहे ते बहुतेक एवढेच आहे. फरक इतकाच की, इथे आवाज राहिला असता तर फार तर आपला रसभंग झाला असता. आम्ही ज्या यंत्राविषयी बोलणार आहोत, त्यात अशी खरखर शिरली तर एखाद्या गर्भवतीच्या बाबतीत निर्णय चुकू शकतो.

ते यंत्र म्हणजे सोनोग्राफीचे. या सभेत असे घर क्वचितच असेल की ज्यातले कोणी ना कोणी त्या खाटेवर आडवे झालेले नाही. कुणाचा मूतखडा, कुणाचे पित्ताशय, आणि घरोघरच्या सुनालेकींची बाळंतपणे. पोटावर गार मलम लावतात, हातात धरायचा एक दट्ट्या फिरवतात, आणि पडद्यावर सुपाच्या आकाराचे करडे चित्र उमटते. हे चित्र कसे उमटते हे थोडे समजले म्हणजे त्यात बाहेरची वीज कशी घुसते हेही समजेल.

आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण खेड्यात गेले आहे. विहिरीत डोकावून हाक मारली की हाक परत येते, आणि विहीर जितकी खोल तितकी ती उशिरा येते, हे आपण पोरवयातच शिकलो. सोनोग्राफीचे यंत्र हेच करते. त्या दट्ट्याला प्रोब म्हणतात. त्याच्या तोंडाशी विशिष्ट पदार्थाच्या बारीक चकत्या बसवलेल्या असतात. त्यांना विजेचा झटका दिला की त्या थरथरतात आणि ध्वनी निघतो. उलट ध्वनी त्यांच्यावर आदळला की त्यांतून वीज निघते. स्फटिकावर दाब दिल्यास वीज निर्माण होते हा शोध १८८० साली फ्रान्समध्ये झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी लावला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ यांनी त्याच गुणाचा उपयोग करून समुद्रातील पाणबुड्यांचा वेध घेण्याचे उपकरण रचले. पुढे कारखान्यांत धातूच्या आतील चिरा शोधण्यासाठी हा ध्वनी वापरात आला. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. इयन डोनाल्ड १९५५ साली बाष्पकांच्या एका कारखान्यात गेले आणि तेथील चिरा शोधण्याच्या यंत्रावर त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या. १९५८ साली त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि हे शास्त्र दवाखान्यात शिरले. आपल्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वेल्डिंगचा सांधा तपासणारे यंत्र आणि पोटातले बाळ दाखवणारे यंत्र ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत.

आता थोडे आकडे. शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. म्हणजे एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दशलक्षांश भाग धरून असे तेरा भाग लागतात. यंत्र हा वेळ मोजते आणि त्यावरून खोली ठरवते. हा ध्वनी आपल्या कानांना ऐकू येत नाही, कारण त्याची कंपने सेकंदाला काही दशलक्ष असतात. पोटाच्या तपासणीत साधारण साडेतीन दशलक्ष, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झ. इतका बारीक ध्वनी शरीरात झपाट्याने शोषला जातो. पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन परत येईपर्यंत केवळ या शोषणामुळेच त्याची शक्ती लाखाव्या हिश्शाहूनही कमी उरते, आणि त्यातलाही थोडाच अंश प्रतिध्वनी म्हणून परततो. प्रोबला पाठवताना कित्येक व्होल्टांचा झटका द्यावा लागतो. परत येणारी वीज मात्र व्होल्टाच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते. म्हणून यंत्रात अशी योजना असते की, जो प्रतिध्वनी जितका उशिरा, म्हणजे जितक्या खोलातून येईल, तितका तो अधिक मोठा करून दाखवायचा. हे आवश्यकच आहे. पण त्याचा एक दोष असा की, वाटेत बाहेरची वीज मिसळली तर तीही तशीच मोठी होते. त्यामुळे खरखर बहुधा चित्राच्या तळाशी, खोल भागात अधिक उठून दिसते.

आणि बाहेरची वीज मिसळते ती का? सेकंदाला तीन ते अठरा दशलक्ष कंपने हा रेडिओवरच्या शॉर्टवेव्हचा पट्टा, हे जुन्या ट्रान्झिस्टरवाल्यांना ठाऊक असेल. प्रोबमधून येणारी वीज बरोबर त्याच पट्ट्यातली असते. एका परीने, दीड-दोन मीटर लांब तार असलेला तो प्रोब म्हणजे रेडिओची एरियलच. वळवाच्या पावसाआधी वीज चमकली की रेडिओ कडकडतो, शेजाऱ्याने मिक्सर लावला की खरखरतो. जे रेडिओच्या कर्ण्यातून कानांना त्रास देते तेच सोनोग्राफीच्या पडद्यावर डोळ्यांना दिसते: तिरप्या धावत्या रेघा, ठिपक्यांचे पट्टे, बर्फ पडल्यासारखा पांढुरका भुगा. रक्तप्रवाह मोजणाऱ्या डॉप्लर तपासणीत तर आलेखावर समांतर रेघाच उमटतात.

आता आम्ही मूळ हकीकतीकडे वळतो. आमची उमेदीची वर्षे कारखान्यातल्या विजेच्या देखभालीत गेली आणि अलीकडे दवाखान्यांतील उपकरणे दुरुस्त करण्यात जातात. बजाजनगरातल्याच एका लहान प्रसूतिगृहाची ही गोष्ट आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. आपली ही वस्ती कशी उभी राहिली हे आपण जाणताच. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग इतर कारखाने आले, आणि बीड, जालना, परभणीपासून माणसे येऊन इथे राहिली. त्यामुळे आपल्याकडे खाली दुकान, मागे छोटासा कारखाना, वर दवाखाना आणि त्यावर बिऱ्हाड अशी एकाच इमारतीत चार प्रकारची कामे चालतात. वीज मात्र सर्वांना एकाच खांबावरून येते.

एप्रिल महिन्यातल्या एका दुपारी डॉक्टरीणबाईंसमोर सातव्या महिन्यातली एक पहिलटकरीण होती. बाळाची वाढ महिन्याच्या मानाने कमी वाटत होती, म्हणून नाळेतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी करायची होती. या तपासणीत हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही नाळेतून रक्त पुढे वाहते आहे की नाही हे पाहायचे असते. वाहत असेल तर ठीक. ते थांबलेले दिसले तर बाळ संकटात आहे असे समजून पुढची पावले तातडीने उचलावी लागतात. आणि नेमक्या त्याच जागी, आलेखाच्या तळरेषेजवळ, बाहेरून आलेल्या रेघांचा जाड पट्टा पसरला होता. प्रवाह आहे म्हणावे तर ती खरखर असू शकेल. नाही म्हणावे तर खरखरीखाली तो झाकलेला असू शकेल. बाईंनी अंदाजाने अहवाल लिहिला नाही. ‘मला हे नीट दिसत नाही’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि त्या मुलीला शहरात दुसरीकडे तपासणीस पाठवले. भर उन्हात, पंधराएक किलोमीटर, रिक्षातून. त्या मुलीची सासू जाताना म्हणाली, “एवढं मोठं यंत्र घेतलं, अन् कामाच्या वक्ताला आंधळं झालं!” हे वाक्य बाईंच्या फार जिव्हारी लागले.

आम्हांला बोलावणे आले तोवर पुष्कळ खर्च झाला होता. प्रोब बिघडला असेल म्हणून नवा प्रोब घेतला होता, आणि एका प्रोबची किंमत ऐकून आपल्यापैकी काहींना घराची आठवण होईल. विक्रेत्याकडचा तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा संध्याकाळी आला, यंत्र उत्तम चालले, आणि ‘दोष नाही’ असा शेरा देऊन गेला. शेवटी संशय शेजारच्या वेल्डिंगवाल्यावर गेला. खिडक्यांची ग्रिले बनवणारा तो गरीब माणूस. ठिणग्या उडताना दिसतात, म्हणून सगळ्यांचे बोट त्याच्याकडे. दोन्ही घरांत बोलाचाली होऊन बोलणे बंद झाले होते.

कुणी म्हणेल, यंत्र उचलून दुसऱ्या इमारतीत नेऊन पाहायचे होते. तिथे रेघा आल्या तर यंत्राचा दोष, नाहीतर जागेचा. पण सोनोग्राफीचे यंत्र असे परस्पर हलवता येत नाही. गर्भलिंगनिदानाचा गैरवापर थांबवण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला. तो देशातला पहिला. त्यानंतर १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. त्यानुसार यंत्राची नोंद जागेसकट असते आणि ते दुसरीकडे न्यायचे तर आधी कळवावे लागते. या कायद्यामागे आपल्या समाजाने आपल्या लेकींशी केलेल्या वर्तनाचा इतिहास आहे, त्यामुळे त्याबद्दल कुरकूर करण्याचा हक्क आपल्याला नाही. सांगायचे इतकेच की, रोग जिथे होता तिथेच त्याचे निदान करणे भाग होते.

आम्ही पहिले काम केले ते वही घालण्याचे. यंत्राशेजारी एक शंभर पानी वही ठेवली आणि परिचारिकेला सांगितले की, रेघा दिसल्या की वेळ लिहायची, थांबल्या की वेळ लिहायची, आणि त्या वेळी इमारतीत काय काय चालू होते तेही लिहायचे. आठ दिवसांनी वही बोलू लागली. रेघा सकाळी अकरानंतर येत, दुपारी फार वाढत, पाच-साडेपाचला थांबत. संध्याकाळी कधीच नाहीत. वेल्डिंगवाला मात्र अनेकदा रात्री आठपर्यंत काम करी. वहीने त्याला निम्मा निर्दोष ठरवलाच.

मग परीक्षा सुरू झाल्या, आणि त्या सर्व खाटेवर रुग्ण नसताना. पहिली परीक्षा: प्रोब हवेत धरला. अंगाला न लावताही रेघा आल्या. म्हणजे त्या पोटातून येत नव्हत्या, बाहेरूनच येत होत्या. दुसरी परीक्षा: प्रोब बदलला. थायरॉइडसारख्या वरवरच्या अवयवांसाठीच्या, अधिक कंपनसंख्येच्या प्रोबमध्ये रेघा पुसट होत्या, पोटाच्या प्रोबमध्ये ठळक. म्हणजे त्रास देणारी वीज पट्ट्याच्या खालच्या भागात जोरदार होती. जुन्या व नव्या प्रोबमध्ये मात्र काडीचा फरक नव्हता. नव्याचे पैसे पाण्यात गेले होते.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. हे यंत्र बॅटरीच्या यूपीएसवर चालत होते. आम्ही भिंतीवरचे बटण बंद केले. यंत्र बॅटरीवर चालू राहिले, पण रेघाही राहिल्या. आपल्या घरच्या बटणाने फक्त फेज तुटते. न्यूट्रल आणि अर्थिंग या दोन तारा जोडलेल्याच राहतात. तेव्हा फलकावरचा दोन खांबी स्विच पाडला, म्हणजे फेज व न्यूट्रल दोन्ही तुटले. रेघा तरीही तशाच! शेवटी, कोणी कशाला हात लावू नये अशी ताकीद देऊन, क्षणभरच पिन भिंतीतून उपटली. पडदा एकदम स्वच्छ झाला, धुतलेल्या पाटीसारखा. आता तिसरी तार तेवढी उरली होती. चोर अर्थिंगच्या वाटेने येत होता.

इथे थांबून एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. अर्थिंग तोडल्यावर खरखर गेली, म्हणजे अर्थिंग तोडून ठेवा, असा सोपा उपाय काही कारागीर करतात. प्लगची तिसरी पिन कापून टाकलेली आम्ही दवाखान्यातही पाहिली आहे. हे प्राणघातक आहे. यंत्रात कधी बिघाड होऊन वीज त्याच्या पत्र्यावर उतरली, तर अर्थिंग ती जमिनीत नेते. अर्थिंग नसेल तर तीच वीज खाटेवरच्या माणसाच्या अंगातून वाट काढते. चोर वाड्याच्या दिंडीतून आला म्हणून दिंडी विटांनी बुजवायची नसते. तिच्यावर पहारा ठेवायचा असतो.

आमच्याकडे वडिलांच्या वेळचा शॉर्टवेव्हचा एक ट्रान्झिस्टर आहे. कोणतेही स्टेशन लागणार नाही अशा जागी काटा ठेवला की तो खरखर हुंगणारा कुत्रा होतो. तो हातात घेऊन आम्ही भिंतीवरून उतरणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीमागून जिना उतरलो. खाली येऊ तसतसा त्यातला आवाज वाढत गेला. पट्टी इमारतीच्या मागे एका खड्ड्यात उतरली होती, आणि त्याच खड्ड्यातून दुसरी पट्टी निघून तळमजल्यावरच्या एका गाळ्यात गेली होती. त्या गाळ्यात मिरची कांडप केंद्र होते.

वर्षाचा मसाला करण्याचे ते दिवस. घरची कामे उरकून बायका अकराच्या सुमारास मिरच्या घेऊन येत, दुपारी रांग लागे, आणि पाच वाजता स्वयंपाकाच्या वेळी ती मोडे. वहीतल्या वेळा आणि कांडपाच्या वेळा तंतोतंत जुळल्या. केंद्र चालवणाऱ्या मावशी जालन्याकडच्या. गेल्या फाल्गुनात त्यांनी कर्ज काढून मोटरीला वेग कमीजास्त करणारी ड्राइव्ह बसवून घेतली होती. ही ड्राइव्ह म्हणजे विजेची अतिशय जलद उघडझाक करणारा नळ. सेकंदाला हजारो वेळा ती वीज तोडते आणि जोडते. आपल्या घरचा नळ एकदम बंद केला की सगळा पाइप धाडकन हादरतो. तसेच, वीज इतक्या झटक्याने तुटली-जुळली की तिचे हादरे शॉर्टवेव्हच्या पट्ट्यापर्यंत पोचतात. मोटरीच्या तारेतून आणि सांगाड्यातून हे हादरे अर्थिंगमध्ये उतरतात. खड्डा चांगला असता आणि जोडणी नीट असती तर पुष्कळसे तिथेच विरले असते. पण उघडून पाहिले तो खड्डा कोरडा ठणठणीत. कोळसा-मीठ कधीच विरून गेलेले, नट गंजून भुगा झालेला, आणि उन्हाळ्याने भेगाळलेली जमीन. खाली उतरायला वाट नाही म्हटल्यावर ते हादरे दुसऱ्या पट्टीने उलटे वर चढून सोनोग्राफीच्या यंत्रात जात होते.

खात्रीसाठी मावशींना अर्धा तास यंत्र बंद-चालू करण्याची विनंती केली. रांगेतल्या बायकाही कौतुकाने थांबल्या. खालून मावशी ओरडून सांगत, “बंद केलं गं!” आणि वरून परिचारिका सांगे, “गेल्या रेघा!” एकदा झाले तर योगायोग असू शकेल, म्हणून हे चार वेळा केले. मग कांडप बंद ठेवून वेल्डिंगवाल्याला मुद्दाम वेल्डिंग करायला लावले. पडदा स्वच्छ राहिला. तो बिचारा वर येऊन स्वतः पडदा पाहून गेला, आणि बाईंनी त्याच वेळी सर्वांदेखत त्याची माफी मागितली. खड्ड्यात चार घागरी पाणी ओतून पाहिले, तेव्हा रेघा बऱ्याच उतरल्या, पण पुऱ्या गेल्या नाहीत. म्हणजे दोष दोन होते: उपद्रव निर्माण करणारी ड्राइव्ह, आणि त्याला वाट देणारे अर्थिंग.

मावशी हात पुसत पुढे आल्या आणि हळूच विचारू लागल्या, “साहेब, माझ्या मशिनीचा आवाज वर पोटातल्या लेकराला बाधत होता का?” आम्ही सांगितले, “नाही मावशी. लेकराला काही झालं नाही. फक्त डॉक्टरांना त्याचं नीट दिसत नव्हतं.” तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग ते तर लईच वाईट!” आम्हांला वाटते, या विषयाचे मर्म याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही.

कांडप बंद करा, असे कोणीही म्हटले नाही. ते त्या बाईचे पोट होते आणि तिच्या सबंध वर्षाचा हंगाम होता. उपाय असा केला. ड्राइव्हच्या तोंडाशी उपद्रव अडवणारा फिल्टर बसवला. ड्राइव्हपासून मोटरीपर्यंत जाळीचे वेष्टन असलेली केबल घातली आणि ती जाळी दोन्ही टोकांना घट्ट आवळली, म्हणजे ते हादरे जिथून निघाले तिथेच परत जावेत. त्यांनी गावभर हिंडू नये. जुना खड्डा नव्याने भरला, शेजारी दुसरा खणला, आणि दोन्ही एकमेकांना जोडून प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र पट्टी नेली. दवाखान्याचे अर्थिंग इतरांपासून अगदी तोडून निराळे करा, असा सल्ला काहींनी दिला होता. पण एकाच इमारतीत दोन न जोडलेली अर्थिंगे ठेवणे धोक्याचे असते, म्हणून तो मानला नाही. या साऱ्या कामाला आलेला खर्च वाया गेलेल्या प्रोबच्या मानाने अगदी किरकोळ होता, आणि तो दवाखाना व गाळेवाले यांनी मिळून केला. मे महिन्यात, कांडप ऐन भरात असताना, वरच्या पडद्यावर एक रेघ उरली नव्हती.

श्रोतेहो, असा पाठलाग करणारे आम्ही पहिले नव्हे. आपल्या महाराष्ट्रातच हे काम फार मोठ्या प्रमाणावर आणि नित्यनेमाने चालते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. आकाशगंगांकडून येणारे त्यांचे संकेत आपल्या प्रोबमधल्या विजेहूनही कितीतरी क्षीण असतात. म्हणून जागा निवडतानाच विजेचा व रेडिओचा गोंगाट कमी असलेला परिसर पाहिला गेला. तरीही एखाद्या विजेच्या खांबावर चिनीमातीची चिमणी तडकली किंवा तारेचा सांधा सैल झाला की तिथे बारीक ठिणगी पडत राहते, आणि तिची खरखर दुर्बिणीला ऐकू येते. अशा वेळी तेथील तंत्रज्ञ एरियल घेऊन निघतात, दिशा धरून त्या खांबापर्यंत पोचतात आणि दुरुस्ती करवून घेतात. तिथे आकाश ऐकायचे असते, इथे गर्भाची नाळ. दोन्हीकडे आपले म्हणणे फार हळू आवाजात सांगणारा कोणीतरी असतो, आणि ते ऐकू यावे म्हणून भोवतालच्यांना थोडे जपून वागावे लागते.

हे जपणे कठीण नाही. दवाखाना असलेल्या प्रत्येक इमारतीने उन्हाळ्याच्या तोंडाशी अर्थिंग एकदा मोजून घ्यावे. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या जमिनीत तर ते हटकून करावे. गाळ्यात ड्राइव्ह, मोठा इन्व्हर्टर किंवा स्वस्तातले एलईडीचे फलक बसवताना बसवणाऱ्याला फिल्टर आणि अर्थिंग यांविषयी विचारावे. प्लगची तिसरी पिन कोणी कापू नये. डॉक्टरांनी यंत्रापाशी वही ठेवावी आणि नवा भाग विकत घेण्याआधी प्रोब हवेत धरून पाहावा. आणि शेजाऱ्यावर बोट ठेवण्याआधी आपण सर्वांनीच एकेक गोष्ट बंद करून पाहावी.

जुन्या गावात पाणवठा सगळ्यांचा असे. वरच्या अंगाला कोणी काय धुवावे, खालच्या अंगाला कोणी काय भरावे, याचे नियम सर्वांना माहीत असत आणि ते लिहिलेले नसत. आपल्या या नव्या वस्तीत विजेची तार हा तसाच सामायिक पाणवठा आहे. एकाने त्यात जे सोडले ते दुसऱ्याच्या घागरीत येते, आणि हे पाणी डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याचे नियम आपल्याला अजून अंगवळणी पडायचे आहेत. ते पडेपर्यंत एखादी वही, एखादा जुना ट्रान्झिस्टर आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागते, असा आमचा अनुभव आहे.

शहरात पाठवलेल्या त्या मुलीची तपासणी तिथे व्यवस्थित झाली, एवढे बाईंनी आम्हांला सांगितले; त्यापुढचे विचारण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. ‘मला नीट दिसत नाही’ हे जे त्या दिवशी बाई म्हणाल्या, ते म्हणायला धैर्य लागते. पुन्हा कोणत्याही डॉक्टरवर निदान आपल्या शेजारामुळे तरी तसे म्हणण्याची वेळ येऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.